ज्याचं त्याचं इंद्रधनुष्य

इवालानीने बेटावरच्या हिलो गावातल्या शाळेत चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्यातली शेवटची सहा घरी आईचं हगणंमुतणं काढत. त्याबद्दल तिला कुणी शाबासकी दिली नाही आणि ती मागायलाही गेली नाही. पण धाकटा काविका लास वेगासहून चार दिवसांसाठी आला, आईच्या गळ्यात फुलांची माळ घालून ढसाढसा रडला, तर अख्खी गल्ली म्हणाली, मुलगा असावा तर असा. इवालानीच्या अंगाचा तिळपापड झाला.

आईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. तिच्या स्वतःच्या आईला मरतेवेळी न्यायला इंद्रधनुष्य आलं होतं. आता तिच्या खिडकीत ते उभं राहिल्याशिवाय ती हलणार नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, कण्हणं थांबत नव्हतं, आणि एरवी रोज भिजणाऱ्या हिलोत नेमका वारा पडलेला, पाऊस गायब.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पत्र्यावर चार थेंब वाजले. काविका उठून उभाच राहिला.

"आई, आलं बघ! नीरफणसाच्या शेंड्यावर! काय रंग आहेत गं!"

आईचा चेहरा सैल पडला. मग तिने मान वळवली. "इवा, खरंच का गं? तू सांग. तू खोटं नाही बोलत."

मे महिना होता. सूर्य इतका माथ्यावर, की माणसांच्या सावल्या त्यांच्याच पायांखाली शिरल्या होत्या. जिथे आपल्या डोक्याची सावली पडते, तिथे इंद्रधनुष्याचा मध्य. सूर्य माथ्यावर, तर सगळी कमान जमिनीखाली. तिच्या वर्गातल्या ढ पोरालाही हे ठाऊक होतं. पण इवालानी त्यासाठी बोलली नाही. काविकाचं ते उजळलेलं तोंड तिला बघवेना, म्हणून बोलली.

"भर दुपारी इंद्रधनुष्य पडत नाही, आई. हा थापा मारतोय."

"मग थांबते," आई म्हणाली.

स्वयंपाकघरात काविकाने तिला गाठलं. "मास्तरीणबाई, पैकीच्या पैकी मार्क! सुखानं सुटली असती ना गं ती."

"तुझं विमान उद्या आहे. इथे मला राहायचंय."

तो गेला. आई नऊ दिवस थांबली. अळकुड्यांच्या पातळ पोईचा चमचाभर घास उतरेना, कुशीवर वळवलं तरी ती किंचाळायची. इवालानी रोज खिडकीतून कोरडं आभाळ बघायची आणि स्वतःला शिव्या घालायची.

दहाव्या दिवशी सकाळी सातला एक सर आली आणि घरावरून डोंगराकडे निघून गेली. मागे समुद्रावर ऊन पडलं. इवालानी अंगणात आईच्या चादरी काढत होती. तिने मान वर केली, तर डोंगरावर अख्खी कमान. ओली चादर घेऊन ती आत धावली.

"आई, आलं! खरंच आलं गं!"

"तू कुठे होतीस?"

"अंगणात."

"मग ते तुझं."

धडा तिचाच होता. मागे एकदा जेवताना तिने आईला समजावलं होतं, की ज्या थेंबांतून तांबडा माझ्या डोळ्यांत येतो, त्यांचा तांबडा तुझ्या डोळ्यांत येत नाही. तुझे थेंब वेगळे, म्हणून प्रत्येकाचं इंद्रधनुष्य वेगळं. आई तेव्हा हसली होती. म्हणाली होती, बरंय, वाटणीवरून भांडण नको.

तिने चादर टाकली, आईच्या उशीवर डोकं ठेवलं, तिचा हात धरून, गालाला गाल लावून बाहेर पाहिलं. तिथूनही ते होतं, पाय थेट नीरफणसात.

"इथूनही दिसतंय, आई. तुझंच आहे. तुझी शप्पथ."

आई त्या पांढऱ्या डोळ्यांनी खिडकीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने इवालानीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"तुला नाही जमत गं," ती म्हणाली. "काविकाला बोलव. तो छान सांगतो."