तिसऱ्या पेपरला गैरहजर

तिसऱ्या पेपरला ती हजर होती. हे तिने गेल्या तीन आठवड्यांत इतक्या लोकांना सांगितलं होतं की आता तिची तिलाच शंका यायला लागली होती. तीन तास बसून, चार पुरवण्या लावून, बोटं आखडेपर्यंत लिहिलं, आणि निकालात तिच्या नावापुढे काय, तर 'गैरहजर'. बाकी सगळ्या पेपरांत घसघशीत गुण आणि मधे हे भलंमोठं भगदाड.

हॉस्टेलवर सगळ्या तिला वकील म्हणायच्या, कारण मेसच्या जेवणापासून नळाच्या पाण्यापर्यंत कशावरही ती तासभर भांडू शकायची. पण परीक्षा विभागापुढे वकिलानेही हात टेकले. तीन नंबरची खिडकी म्हणे चारवर जा. चार म्हणे विभागप्रमुखांची सही आणा. विभागप्रमुख कुठे, तर 'विद्यार्थीकेंद्री शिक्षण' या विषयावरच्या चर्चासत्रात, आणि ते चालणार तीन दिवस. सही मिळाली तेव्हा कळलं, अर्जाचा नमुना बदललाय. नवा नमुना वेबसाइटवर, वेबसाइट बंद, आणि ती बंद असल्याची तक्रार करायची कुठे? वेबसाइटवरच. कपाळ!

अर्ज मात्र एकेक देखणा. ते चिमणी लिहून द्यायची. चिमणी म्हणजे तिची खोलीतली मैत्रीण, वर्गातही हिच्या मागच्याच नंबरची. आवाज बारीक म्हणून चिमणी. रोज संध्याकाळी वकील येऊन बॅग आपटायची आणि अख्ख्या विद्यापीठाचा उद्धार करायची. चिमणी चहा पुढे करायची, ऐकून घ्यायची आणि मुकाट्याने नवा अर्ज लिहायला बसायची. ती स्वतः सगळ्या विषयांत पास झाली होती. तिच्या दादाने ही बातमी घरीदारी सांगून टाकली होती, पण चिमणी काही खूश दिसत नव्हती. आपलं दुःख बघून बिचारी गप्प आहे, असं वकिलाला वाटायचं.

आज शेवटचा दिवस होता. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत वकिलाची संशोधनासाठी निवड झाली होती. पाच वाजेपर्यंत सगळे विषय सुटल्याची गुणपत्रिका पाठवायची, नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. या एका जागेसाठी तिने दोन वर्षं रक्त आटवलं होतं.

दोन वाजता ती तीन नंबरच्या खिडकीपुढे उभी राहिली आणि काम झाल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवलं. खिडकीवरच्या बाईंनी डबा संपवला, चष्मा पुसला, शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी बदलीची साग्रसंगीत चर्चा केली. वकील ढिम्म हलेना. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा बाई वैतागून उठल्या, आणि कपाटातून त्या दिवसाचा हजेरीपट काढून त्यांनी तिच्यापुढे आपटला.

"बघ बाई एकदा, आणि माझा पिच्छा सोड."

पटावर तिची सही होती, चांगली ठसठशीत. आणि तिच्या खालच्या ओळीत, चिमणीच्या नावापुढे, लाल शाईत लिहिलं होतं 'गैरहजर'.

बाईंनी वीस वर्षं त्या खिडकीत काढलेली. काय घोळ झाला ते त्यांना लगेच कळलं. उत्तरपत्रिकेवर चिकटवायचे स्टिकर पर्यवेक्षक नंबराप्रमाणे वाटतात. स्टिकरवर नुसत्या उभ्या रेघा, नाव नाही की नंबर नाही. त्या दिवशीच्या महाशयांनी चिमणीचा स्टिकर हिच्या हातात ठेवला आणि हिचा गैरहजरांच्या पाकिटात सारला. मशीन फक्त रेघा वाचतं. मशीनच्या हिशेबी चिमणीने पेपर दिला, एक्क्याऐंशी गुण मिळवले, आणि वकील त्या दिवशी आलीच नव्हती.

मग दुरुस्त करून टाका, असं वकील म्हणाली. दुरुस्ती चौकशी समिती करते आणि समिती पुढच्या महिन्यात बसते, असं बाईंनी सांगितलं. वाट एकच होती. त्या दुसऱ्या मुलीने स्वतः येऊन, मी पेपर दिला नव्हता, असं लिहून दिलं तर साहेब आत्ता सही करतील.

वकील हॉस्टेलकडे पळत सुटली. जिना चढेपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पेपर दिला नाही आणि एक्क्याऐंशी मिळाले, म्हणजे निकालाच्या दिवशीच हिला सगळं कळलं होतं की! 'मी पेपरला हजर होते' हे वाक्य आपल्या मोत्यासारख्या अक्षरात पाच वेळा लिहिलं, आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही!

चिमणी पलंगावर वाचत बसली होती. वकील तिला जे जे बोलली ते सगळं सांगण्यासारखं नाही. आतल्या गाठीची म्हणाली, केसाने गळा कापलास म्हणाली, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. चिमणीने सगळं ऐकून घेतलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चल, लिहून देते. रोज सांगणार होते, पण दादाने आईला कळवून टाकलं होतं. माझी जीभच रेटेना."

"पण तू पेपरला आली का नाहीस, ते तरी सांग."

"तुला सांगितलं होतं मी."

दाराकडे निघालेली वकील मागे वळली.

"त्या दिवशी सकाळी. बूट घालून इथेच बसले होते. छातीत नुसतं धडधडत होतं, उठताच येत नव्हतं. तू दारात होतीस. मी म्हटलं, मला भीती वाटतेय, दोन मिनिटं थांबतेस का. तू म्हणालीस, आल्यावर बोलू."

वकिलाला आठवलं. हातात पेनं, डोक्यात व्याख्या, आणि मागून आलेला तो बारीक आवाज. परीक्षेत आपल्या मागचा बाक रिकामा आहे, हे तिने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. आणि आल्यावर ती खरंच बोलली होती, तासभर. आपला पेपर कसा गेला ते. तुला कसा गेला, हे विचारायचं राहून गेलं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी दोघी खिडकीपुढे पोचल्या. चिमणीने लिहून दिलं, कारणाच्या रकान्यात 'आजारी' असं टाकलं. बाई तो कागद घेऊन स्वतः साहेबांकडे गेल्या. पाचला दहा कमी असताना नवी गुणपत्रिका हातात आली, वकिलाने तिथूनच मोबाइलवर फोटो काढून पाठवली, आणि मिळाल्याचं उत्तरही आलं. जागा तिची झाली.

चिमणी बाहेर पायरीवर बसून दादाचा नंबर शोधत होती. वकील तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तू जा," चिमणी म्हणाली.

"मी थांबते."

"आता कशाला?"

तिच्या आवाजात राग नव्हता की टोमणा नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं तिने विचारलं होतं, आणि ते वकिलाच्या जिव्हारी लागलं. पण ती उठली नाही. तेवढ्यात पलीकडे दादाने फोन उचलला आणि मोठ्या खुशीत, घरी कधी येतेस, असं विचारायला लागला. चिमणीने त्याला पूर्ण बोलू दिलं.

"दादा," मग ती म्हणाली, "मी तो पेपर दिलाच नव्हता."