शिंगांपलीकडचा माणूस

"मानवी धर्माची सुरुवात शिंगांपासून झाली," असं जाहीर करून अक्काताईंनी पाऊल पुढं टाकलं, आणि ते थेट शेणात पडलं.

गुंडू गवळ्यानं मान डोलावली. सुरुवातीचं त्याला ठाऊक नव्हतं, पण पाणी कुठाय ते त्यानं दाखवलं. पाय धुऊन अक्काताई पुन्हा चंद्रीसमोर उभ्या राहिल्या. चंद्री म्हणजे गुंडूची मानाची म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला गुंडू सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पळवायचा आणि चंद्री शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं घालून त्याच्या मागं धावायची.

अक्काताई सदुसष्टाव्या वर्षी क्रीट बेटावरच्या मिनोअन लोकांवर प्रबंध लिहीत होत्या. तिथल्या राजवाड्याच्या भिंतीवर साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक चित्र आहे. एकानं धावत्या बैलाची शिंगं धरलीत, दुसरा त्याच्या पाठीवर कोलांटी मारतोय आणि तिसरा बैलाच्या मागं हात पसरून उभा आहे. अक्काताईंचं म्हणणं, तो झेलायला उभा आहे. त्यांच्या मार्गदर्शक अंतरा मॅडम वयानं लेकीएवढ्या. त्या म्हणाल्या, तो उडी मारून नुकताच उतरलाय. झेलण्याला पुरावा नाही, सोमवारपर्यंत प्रकरण काढून टाका. दोन वर्षं त्या एकाच प्रकरणावर गेली होती. शिंगं हातात धरल्याशिवाय एक ओळही खोडणार नाही, असं अक्काताईंनी ठरवलं होतं.

त्यांचे यजमान श्रेणिकराव सोबत आले होते ते फक्त स्कूटर चालवायला. त्यांनी ते चित्र आजवर पाहिलं नव्हतं. मिनोअन हे एखाद्या औषधाचं नाव असावं, असं ते पाहुण्यांना सांगत.

"घट्ट धरा बाई," गुंडू म्हणाला. "ढिलं धरलं की तिला वाटतंय, खाजवाय आल्यात."

अक्काताईंनी पदर खोचला आणि शिंगं घट्ट धरली. चंद्रीनं आधी विचार केला, मग मान वर झटकली. अक्काताईंच्या टाचा उचलल्या गेल्या. गुंडू पुढं धावला, पण त्यांनी त्याला मानेनंच थांबवलं. शिंगं काही सोडली नाहीत.

पाय टेकल्यावर त्यांनी समोर पाहिलं. चंद्रीच्या पाठीपलीकडं श्रेणिकराव उभे होते. गुडघे वाकलेले, दोन्ही हात पुढं पसरलेले.

"अहो, असं उभं राहायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे?" श्रेणिकराव म्हणाले. "तू तिकडनं शिंगं धरलीस. मग हिकडं कुणीतरी नको व्हय?"

एक हात शिंगावरून न काढता अक्काताईंनी दुसऱ्या हातानं पर्समधला मोबाईल शोधला.

"तसेच उभे राहा. अजिबात हलू नका."

"ऱ्हातो की," श्रेणिकराव म्हणाले. "पण तेवढं हिचं शेपूट कुणीतरी धरा."