हौसाची आखणी

रोह्याच्या वाचनालयातून आणलेली जबालेवरची कादंबरी आदेशने दोन बैठकींत वाचून काढली, आणि तेव्हापासून त्याला आईकडे नीट पाहवेना. कादंबरीतली जबाला घरोघरी राबते. मुलाचा बाप कोण, हे तिचे तिलाच ठाऊक नसते. मुलगा मात्र भर आश्रमात, ऋषींसमोर, आईचे नाव स्वतःचे म्हणून सांगतो. त्याचा स्वर जरासुद्धा कापत नाही.

आदेशला तर कोणी इतके अवघड काही विचारलेही नव्हते. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट सुटली की तो वाचनालयात जाई. तिथे पुस्तके देणाऱ्या सुरभीने त्याच्या मोबाइलवर हमरापूरच्या कारखान्यातला गणपती पाहून विचारले होते, "हे डोळे कोणी काढले?" तिच्या आवाजात कौतुक होते, आणि ते आपल्याला मिळावे असे त्याला वाटून गेले. "मीच," तो म्हणाला होता.

ते डोळे हौसाने, त्याच्या आईने, काढले होते. मूर्ती रंगवायला कारखान्यात हात पुष्कळ. डोळ्यांची आखणी मात्र तिची एकटीची. श्वास धरून ती कुंचला एकदाच फिरवी. गेलेल्या रेघेवरून दुसरी रेघ नाही.

आखणी बघायला येते म्हणालेली सुरभी रविवारी खरोखरच कारखान्यात आली. "मावशी, मी आदेशची आखणी बघायला आलेय!"

हौसाचा कुंचला हवेतच थांबला. सुट्टी म्हणून शेजारी बसलेल्या मुलाकडे तिने एकदा पाहिले. त्या एका नजरेत तिला सगळे कळले, आणि कळल्याचे तिने चेहऱ्यावर येऊ दिले नाही.

"ये गो बाय, बस. आज नाय जमायचं त्याला. कंपनीत हात भाजलाय. मी आपली त्याचंच बघून गिरवते."

आदेशने धडधाकट हात पाठीमागे नेला. आई इतक्या सहज बोलली होती की तो गप्प राहिला असता तरी निभावले असते. तेच त्याला सोसवेना.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. "डोळे आईच काढते. मला साधी रेघसुद्धा ओढता येत नाही."

बोलल्यावर मन हलके होईल, अशी त्याची समजूत होती. पण सुरभीने मान खाली घातली, आणि हौसाचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. ज्याच्यासाठी ती परक्या मुलीशी खोटे बोलली, त्यानेच तिला तोंडघशी पाडले होते.

"आधी बोलला असतास तर?" ती हळूच म्हणाली. "माझ्या तोंडून कशाला वदवलंस रं?"

आदेशने पाठीमागचा हात पुढे आणला.

"मावशी, तुम्ही काढा ना," सुरभी अवघडून म्हणाली. "मला तुमचीच आखणी बघायचीय."

हौसाने मूर्ती जवळ ओढली, श्वास धरला, कुंचला कपाळाखाली नेला. मग तो तसाच मागे घेऊन पाण्याच्या वाटीत बुडवला.

"आज नाय गो," ती म्हणाली. "हात हलतोय."