दादासाठी स्वस्त तिकीट

परदेशातला दादा दरवर्षी म्हणायचा, "यायचं आहे गं, पण विमानाची भाडी आभाळाला भिडलीत." दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीला ते पटायचं. पण आईचं सगळं एकटीनं करताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून यंदा तिनंच कंबर कसली. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत, बोटांवरचं प्लास्टरही न धुता ती मोबाइलवर एकेक साइट चाळत बसायची. तारखा मागेपुढे करून बघितल्या, जवळच्या दुसऱ्या विमानतळावरून बघितलं, भाडं उतरलं की कळावं म्हणून अलर्ट लावला. शेवटी एका मंगळवारचं तिकीट निम्म्या भावात सापडलं. हरखून तिनं तिथूनच फोन लावला.

"दादा, निम्म्या भावात तिकीट सापडलंय, लगेच काढून टाक!"

"मध्ये विमान बदलावं लागत असेल."

"नाही रे, थेट आहे."

"मग रजेचं बघावं लागेल..."

"तुझ्या सुट्टीतलीच तारीख आहे."

मग दादा अडखळत म्हणाला, "मागच्या वेळी आईनं फोनवर मला 'आपण कोण?' म्हणून विचारलं. समोर उभं राहून ते ऐकायची ताकद नाही गं माझ्यात."

तिला तर आई हे रोजच विचारायची. रागवावं, तर तो रडत होता. समजूत घालावी, तर तिची कोण घालणार होतं? जेवणाची सुट्टी संपली, तरी दोघंही फोन कानाला लावून नुसती बसून राहिली.