बंद गाडीचा पस्तीस पौंड दाब

"चढला! काटा चढला!"

कृष्णात ड्रायव्हरनं केबिनच्या पायरीवरून आरोळी ठोकली आणि शाहूपुरीतल्या गुळाच्या अड्ड्यावर एकच गलका उडाला. हमालांनी पाठीवरचे गुळाचे रवे खाली ठेवले, अडत्यांचे दिवाणजी पायऱ्या उतरून आले, चहावाला गिऱ्हाइकांना तसंच सोडून किटलीसकट पळत सुटला. केरबाच्या ट्रकातल्या आईलचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा महिनाभर दहा पौंडांवर लोळत होता. तो आता, चालू इंजिनावर, पंचेचाळिसावर ताठ उभा! आणि सीटवर मांडी घालून, मोरपिसांचा कुंचा छातीशी धरून, काटेबुवा मंद मंद हसत होते.

"यंत्रालाबी जीव असतो, लेकरांनो," बुवा म्हणाले. "जीव म्हटला की नाडी आली. ती निजली हुती, आम्ही जागी केली. आता एकवीस दिवस हिला सोवळ्यात ठिवायची. कुणी बघायचं न्हाय, कुणी शिवायचं न्हाय. बघितलंसा, तर मालकिणीच्या कुंकवाला धोका!"

असं म्हणून त्यांनी मीटरवर पिवळं फडकं आवळून बांधलं आणि गाठीवर अंगारा फासला. लोकांनी हात जोडले. अड्ड्यावरच्या पाच गाड्यांना असली फडकी आधीच बांधली होती, ही सहावी.

गर्दीच्या मागं गैबी मिस्त्री दातओठ खात उभा होता. नाडी म्हणे! पंधरा वर्षं तो डिझेलच्या गाड्यांखाली पाठ घासत आला होता. महायुद्धाच्या आधीचा हा ट्रक त्यानं दोनदा उलगडून पुन्हा बांधला होता. दहा मिनिटं केबिनला घोंगडी लावून आत काय पूजा चालली होती, हे कुणी विचारायला तयार नव्हतं. काच काढून काट्याला कुंकू लावायचं, म्हणून बुवा एकांत मागत, आणि एवढे बारा गावचं पाणी प्यालेले ड्रायव्हर शाळेतल्या पोरांसारखे पाठ फिरवून उभे राहत.

गर्दी पांगल्यावर त्यानं केरबाला गाठलं.

"केरबा, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का? क्रँकची बेरिंगं झिजल्यात. फट वाढली की आईल तिथनंच निसटतंय, म्हणून दाब पडतोय. कुंकवानं फट बुजती व्हय रं?"

"काटा चढला की, मिस्त्री. समद्यांनी बघितला."

"काटा चढला म्हंजे दाब चढला असं कुणी सांगिटलं तुला? माझ्याकडं मीटर हाय. हवेच्या टाकीवर दोन मीटरांशी ताडून घेतलाय. मीटरची नळी इंजनाकडनं सोडतो, तिथं माझा मीटर लावतो. अर्धा तास गाडी पळवून तापवायची. गार आईल घट्ट असतंय, ते दाब फुगवून दाखवतंय. तापल्यावर जो आकडा येईल, त्यो खरा."

"नळीला हात लावायचा न्हाय, असं बुवांनी बजावलंय."

"का बरं?"

"का म्हंजे? बजावलंय!" केरबा चिडला. "तुमी म्हणला, आठ दिवस गाडी उभी कर, इंजनाखालचं आईलचं चेंबर उघडू. बुवांनी दहा मिनिटांत भागवलं. परवा माझ्या पोरीचं, श्यामलाचं लग्न साखरप्याला. उद्या सकाळी वऱ्हाड घेऊन निघायचं, आणि आज चेंबर उघडून बसू काय मी?"

गैबीच्या डोळ्यांपुढं साखरप्याची वाट आली. आंबा घाट! पंचवीस माणसं, त्यात नवरी पोरगी, त्यात केरबाची म्हातारी आई, आणि उतारावर इंजिन जाम झालं तर मागची चाकं जागच्या जागी धरणार. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. हे सगळं त्यानं केरबाला सांगितलं. केरबा म्हणाला, "अशुभ बोलू नगासा."

दिवसभर गैबी माणसं गाठत फिरला. कृष्णात म्हणाला, "मिस्त्री, तुमचा धंदा बुडतोय, म्हणून तुमी जळताय." दिवाणजी म्हणाले, "विज्ञान विज्ञानाच्या जागी, श्रद्धा श्रद्धेच्या जागी." अरे, पण मीटर कुणाच्या जागी? कपाळ बडवून घ्यायची पाळी आली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पाणी ओतून ओतून माणसाचा हात दुखावा, आणि घड्यानं वर म्हणावं, मला तहानच नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक केळीच्या खांबांनी सजला. बायका फळ्यांवर सतरंज्या अंथरत होत्या. निरोपाचा नारळ फोडायला काटेबुवा जातीनं हजर. गैबी आला तो थेट ट्रकपुढं उभा राहिला, खाकी पिशवी खांद्याला, हातात पाना.

"ही गाडी घाटात जायाची न्हाय. न्यायचीच असली तर माझ्या अंगावरनं न्या."

"मिस्त्री, शुभकार्याला आडवं यायाचं?" केरबा ओरडला. चारदोघं गैबीला ओढायला धावले. बुवांनी कुंचा उंचावला. "सोडा त्येला. अज्ञानी हाय बिचारा."

तेवढ्यात केरबाची बायको चिमणाबाई पुढं आली. नवरीची ओटी भरता भरता ती तशीच उठून आली होती.

"मिस्त्री, मला एवढंच सांगा. गाडी बंद असली की त्यो काटा कुठं असतो?"

"शून्यावर, वैनी. इंजिन बंद, तर आईल ढकलणारा पंप बंद. पंप बंद, तर दाब कुठला?"

"आता गाडी बंद हाय न्हवं?"

"व्हय की."

"मग बघूया."

"चिमणे!" केरबा किंचाळला. "कुंकवाला धोका हाय म्हणलंय बुवांनी!"

"कुंकू माझं हाय, मी बघून घेतो. त्या फळीवर माझी पोर बसणार हाय," चिमणाबाई म्हणाली. ती केबिनमध्ये चढली आणि तिनं फडकं खसकन ओढून काढलं. लोकांनी डोळे मिटून घेतले. केरबा जागच्या जागी धडधाकट उभा होता. चिमणाबाईनं मीटरात डोकावून बघितलं.

"मला आकडं कळत न्हाईत. पण काटा खाली न्हाय, मधी हुबा हाय."

कृष्णातनं चढून बघितलं. "पस्तीस!" तो पुटपुटला.

"देवीचा दाब!" बुवा लगेच गरजले. "मानसाचं इंजिन बंद पडंल, देवीचा दाब अखंड ऱ्हातोय!"

आणि आश्चर्य बघा, चारपाच माना डोलल्या! गैबीला वाटलं, आता इथंच बसून रडावं. मग त्याचं टाळकंच सटकलं. तो केबिनमध्ये घुसला, मीटरमागची तांब्याची नळी सोडली, स्क्रू काढले आणि अख्खा मीटर उपसून बाहेर आणला.

"हे घ्या! नळी न्हाई, आईल न्हाई, इंजिन न्हाई. मीटर माझ्या हातात हाय, आन् दाब किती? पस्तीस! कृष्णात, घे, खिशात घालून फीर. जेवताना पानाजवळ ठेव. पस्तीस पौंड!"

मीटर हातोहात फिरला. ज्यानं त्यानं उलटापालटा करून बघितला. कुणीतरी फिस्सकन हसलं. गैबीनं काच काढली, काटा चिमटीत धरून खिळीवरून अलगद उपटला.

"बोला, किती पाहिजे? साठ?" त्यानं काटा साठावर दाबून बसवला. "हे घ्या साठ. मला नारळ नको, दक्षिणा नको. घोंगडीआड ह्योच चमत्कार चालला हुता. धाचा काटा पंचेचाळिसावर बसवला, म्हणून गाडी बंद झाल्यावर शून्याच्या जागी पस्तीस दिसाय लागलं. आन् ते कुणाला दिसू नये म्हणून फडकं!"

बुवा मागच्या मागं सरकत होते. कृष्णातनं त्यांचा कुंचा हिसकला, तशी त्याच्या दांड्यातून एक बारीक पेचकस आणि चिमटा खाली पडला. पुढं काय झालं ते विचारू नका. बुवांची एक वहाण अड्ड्यातच राहिली. ड्रायव्हर आपापल्या गाड्यांची फडकी सोडायला धावले.

पण काट्याची लबाडी उघडी पडली म्हणून इंजिन काही बरं झालं नव्हतं. गैबीनं काटा शून्यावर बसवून मीटर जागेवर लावला आणि इंजिनाकडच्या टोकाला स्वतःचा तपासलेला मीटर जोडला. पंचगंगेच्या पुलापर्यंत दोन फेऱ्या मारून गाडी तापवली. वेगात धरल्यावर बारा पौंड, मंद चालीवर चार. चाळीस असायला हवे होते तिथं बारा. वऱ्हाड एस.टी.नं पाठवायचं ठरलं. केरबा गाडी गैबीच्या ताब्यात देऊन मागच्या एस.टी.नं जायचा होता, पण तो जायच्या आधी गैबीनं चेंबर उतरवलं, गाडीखाली शिरला आणि बेरिंगचा एक अर्धगोल तुकडा काढून केरबाच्या हातावर ठेवला. वरचा पांढरा धातू उडाला होता. खाली नुसतं तांबं उघडं पडलं होतं.

"आंबा घाट उतरली असती गाडी?" केरबानं विचारलं.

"निम्मा घाट. कदाचित तेवढाबी न्हाय."

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "फसवलं मिस्त्री बुवानं मला."

"बुवाच्या नावानं बोटं मोडू नगंस," गैबी फाडकन म्हणाला. कालपासूनचा राग अजून उतरला नव्हता. "महिनाभर काटा धा पौंडावर हुता. त्यो तुला वरडून खरं सांगत हुता. तुला खरं नको हुतं, म्हणून तू त्येचं तोंड बांधून घेतलंस, आन् वर नारळबी दिलास. बुवा काय, आज हा गेला, उद्या दुसरा येईल. मी आणखी किती जणांच्या गाड्यांपुढं आडवा पडू?"

केरबानं बेरिंगचा तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकला.

"एक ध्यानात ठेव. जो म्हणतो तपासू नगंस, बघू नगंस, त्येच्या दारात पाय ठेवायचा न्हाय. मग त्यो बुवा असूदे, न्हाईतर मी. माझा मीटर खोटा वाटला, तर माझ्या तोंडावर दुसरा आणून लाव. मला राग येणार न्हाय. आता ऊठ, एस.टी. चुकंल. पोरगी वाट बघत आसंल."