संबंधितांना कळवण्यात आले आहे

"मास्तर, आधी हा 'मी' खोडा," साहेब म्हणाले. "चौकशीच्या कागदात 'मी' कसला घालताय? आत्मचरित्र लिहायला बसलात का?"

मास्तर टेबलासमोर उभेच होते. रुग्णालयाच्या कार्यालयात त्यांचा हुद्दा मुख्य कारकुनाचा. परंतु तीस वर्षे इंग्रजी पत्रांचे मसुदे करता करता ते सगळ्यांचेच मास्तर झाले होते. इंग्रजी पत्रात करणारा माणूस दिसू द्यायचा नाही, ही त्यांचीच शिकवण. रुग्णाचे कागद हरवले, तर 'कागद गहाळ झाल्याचे आढळून आले'. उशीर झाला, तर 'विलंबाबद्दल खेद व्यक्त करण्यात येतो'. हरवले कोणी, खेद कोणाला, हे विचारायला वाक्यात फटच उरत नसे. नव्या कारकुनांना ते सांगत, "कर्ता म्हणजे जावई. पुढे आणला की मानपान आले, रुसवेफुगवे आले. बसू दे त्याला आतल्या खोलीत."

या शैलीला सरसकट लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. 'रक्त तपासण्यात आले' असे लिहिताना ते कोणी तपासले याला खरोखरच महत्त्व नसते. बाटलीवरच्या सूचनेत आणि प्रयोगाच्या वहीत ती शोभते, नव्हे, तिथे तीच हवी. अनर्थ होतो तो जिथे माणसाला महत्त्व असते तिथेही हात सवयीने तेच लिहितो तेव्हा.

तो अनर्थ बारा दिवसांपूर्वी झाला होता. रुग्णालयाचा लिफ्ट-मेकॅनिक हा मास्तरांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दुरुस्तीला उतरण्याआधी तो विजेचा मुख्य खटका खाली करी आणि त्यावर स्वतःची पत्र्याची पाटी अडकवी: 'हात लावू नका. आत माणूस आहे.' ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, हा त्या खात्याचा एकमेव नियम कोणी कधी मोडला नव्हता.

त्या दिवशी तो आत उतरला होता आणि पाहुणे येणार होते. "लिफ्ट अकरापर्यंत सुरू पाहिजे," एवढेच साहेब बोलले. मास्तरांनी वायरमनच्या नावे दोन वाक्यांची चिठ्ठी लिहिली. लिफ्ट अकरापर्यंत सुरू करण्यात यावी. संबंधितांना कळवण्यात आले आहे. दुसरे वाक्य त्यांनी लिहिले असे म्हणण्यापेक्षा ते हातातून उतरले. तीस वर्षे ते प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी तारखेसारखे येतच असे. प्रत्यक्षात कोणालाच कळवलेले नव्हते. वायरमन नवा होता. ज्या अर्थी कार्यालयाने लिहिले आहे, त्या अर्थी मेकॅनिक वर आला असणार, असे त्याने धरले, पाटी काढली आणि खटका वर केला.

"पाटी लावण्यात आलेली नव्हती, असं लिहा," साहेब आता हळू आवाजात म्हणाले. "गेलेला माणूस काही उत्तर द्यायला येत नाही. त्या वायरमनला दोन लहान मुलं आहेत. तुम्हालाही निवृत्तीला चारच महिने राहिलेत."

"पाटी होती, साहेब. वायरमननं रडत रडत माझ्या हातात आणून दिली. माझ्या खणात आहे."

"मग खणातच असू द्या."

"साहेब, हात जोडतो. माझी बहीण आहे ती. एवढं एक वाक्य राहू द्या. 'चिठ्ठी मी लिहिली, आणि कोणाला कळवलं नव्हतं.' बाकीचं तुम्हाला हवं तसं करा."

साहेबांनी लाल पेन उचलले. पाटी होती की नव्हती, हा उल्लेखच त्यांनी गाळला, एवढीच दया. इंग्रजीत उरले ते असे: काम पूर्ण झाल्याच्या गैरसमजातून वीजपुरवठा सुरू करण्यात आला, संबंधितांना तत्पूर्वी कळवण्यात आले होते.

"हे शेवटचं वाक्य खोटं आहे, साहेब."

"तुमचंच आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मयताच्या पत्नीस द्यायची प्रत मास्तरांनी टपालात जाऊ दिली नाही. खणातली पाटी पिशवीत घातली आणि ते बहिणीकडे निघाले.

ती नवऱ्याच्या कामाच्या सदऱ्यांच्या घड्या घालत बसली होती. पाकीट पाहताच तिने हातातला सदरा बाजूला ठेवला. "आलं का? वाच ना, दादा. मला कुठं कळतंय इंग्रजी."

मास्तरांनी चष्मा लावला. जन्मभर मराठीतले इंग्रजीत नेलेल्या माणसाला आज तीन ओळी उलट आणताना घाम फुटला. "वीजपुरवठा... गैरसमजातून सुरू करण्यात आला."

"कोणी केला? भुतानं?"

"पुढे लिहिलंय, संबंधितांना आधी कळवण्यात आलं होतं."

"म्हणजे ह्यांना सांगितलं होतं? आणि सांगूनही हे आतच राहिले?" ती मान हलवत राहिली. "नाही रे. चहाचा कप उचलतानासुद्धा दोनदा बघणारा माणूस तो. मी थट्टा करायची, म्हणायची, कपात काय करंट आहे? दादा, खरं सांग, ह्यांचीच चूक होती का?"

"नाही."

"मग त्यांना कळवलं कोणी?"

"कोणीच नाही."

"मग कळवलं असं लिहिलं कोणी?"

मास्तरांनी कागद खाली ठेवला. कितीतरी वाक्ये जिभेशी आली, सगळी नीटनेटकी, सगळी बिनमाणसाची.

"मी," ते म्हणाले. मग त्यांनी सगळे सांगितले. चिठ्ठी, वायरमन, लाल पेन. प्रत्येक गोष्ट ज्याने केली त्याच्या नावानिशी सांगितली आणि स्वतःचे नाव सर्वांत आधी घेतले.

बहिणीने विचारले, "ह्यांची पाटी कुठंय?"

मास्तरांनी ती पिशवीतून काढून दिली. तिने ती नवऱ्याच्या सदऱ्याच्या बाहीने पुसली, कोपऱ्यातला ग्रीसचा डाग मात्र राहू दिला. मग उठून तिने ती आतल्या खोलीच्या दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवली, आत गेली आणि दार लोटून घेतले.

कडी लागल्याचा आवाज आला नाही. मास्तर दारापाशी गेले. नुसते बोट लावले असते तरी दार उघडले असते. त्यांनी वर उचललेला हात खाली घेतला, आणि पाटीवरची अक्षरे समोर येतील असे ते भिंतीला टेकून जमिनीवर बसले. ज्याने लावली त्यानेच काढायची.