नऊ मैलांपर्यंत

प्रल्हादरावांनी तिसऱ्या सेटचा माइक हातात तोलून पाहिला, बटण दोनदा दाबलं आणि नाक मुरडून तो परत जागेवर ठेवला.

"बटण ढिलं आहे. सहा महिन्यांत जाईल."

"बाबा, अजून किती बघणार? हाच घेऊ या ना. सगळे ड्रायव्हर्स हाच घेतात," सई म्हणाली.

"सगळे घेतात म्हणून आपणही घ्यायचा?"

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. सहा सीबी रेडिओ ओळीने मांडलेले. आवाज, खरखर, मजबुती, माइक, प्रत्येकाला दहापैकी गुण. मिशिगनमधल्या नोव्हायच्या कंपनीत तीस वर्षं गाड्यांच्या अँटेना बनवलेल्या माणसाला कागदाशिवाय काही निवडता येत नसे. घरचा मिक्सरही त्यांनी असाच निवडला होता, आणि त्यांच्या पत्नी शोभनाताई अजून त्याला शिव्या घालत चटण्या वाटत होत्या.

"वेटेजपण दिलंयस!" सई खळखळून हसली. तिचं हे हसू त्यांनी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी फार्मसी शेवटच्या वर्षाला सोडून सईने ट्रकचं लायसन्स काढलं. त्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं होतं, "बाबा, सीबी कुठला घेऊ?" ना टॉवर, ना बिल, पुढच्यामागच्या चार-पाच मैलांतल्या ट्रकवाल्यांनी एकमेकांशी बोलायचा साधा रेडिओ. अख्ख्या नोव्हायमध्ये या प्रश्नाचं उत्तर प्रल्हादरावांइतकं चांगलं कुणी दिलं नसतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं होतं, "मला त्यातलं काही कळत नाही."

त्या एका वाक्याचा त्यांनी पुढे फार पश्चात्ताप केला, पण मनातल्या मनात. सईचा फोन आला की अर्ध्या मिनिटात "थांब हं, आईला देतो" म्हणून मोकळे व्हायचे. बोलता बोलता ट्रकचा विषय निघेल आणि आपल्या तोंडून वाकडं काही जाईल, ही भीती. मराठी मंडळात कुणी विचारलंच तर "सई लॉजिस्टिक्समध्ये असते" म्हणायचे. ते धडधडीत खोटं नव्हतं, म्हणून कमी टोचायचं.

गेल्या रविवारी मात्र ती आईला सांगत होती, की शनिवारी शिकागोला जाताना ॲन आर्बरच्या पुढच्या ट्रक स्टॉपवर नवीन सीबी घेणार आहे. प्रल्हादरावांनी शोभनाताईंच्या हातातून फोन जवळजवळ ओढून घेतला.

"मी येतो निवडायला."

सईने ट्रक स्टॉपचा पत्ता सांगितला. मग, "ये."

शेवटी चौथा सेट ठरला. प्रल्हादराव दुकानदाराकडून हत्यारं मागून ट्रकच्या केबिनमध्ये चढले आणि पासष्टाव्या वर्षी सीटखाली डोकं घालून तासभर झटले. सई पाना दे, पक्कड घे करत बाजूला बसली होती. इतका सुखाचा तास त्यांना कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता.

"अगं, इथे अर्थिंगच नीट नव्हतं. दोन वर्षं खरखर ऐकत होतीस?"

"सवय झाली."

त्यांनी केबल नीट ओढून घेतली, अँटेना जुळवली, स्क्रू आवळले.

"आता पाच वर्षं याला हात लावायला नको."

सई पक्कड पुसत होती. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"बाबा, हा नैनासाठी आहे. आमच्याकडची नवी ड्रायव्हर. सोमवारपासून हा ट्रक ती चालवणार. माझ्याकडून गिफ्ट."

"आणि तू?"

"डिस्पॅचला. कुठला ट्रक कुठे धाडायचा ते बसून ठरवायचं, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या ऑफिसात. आज सांगणारच होते." ती किंचित हसली. "लॉजिस्टिक्स, बाबा. आता खरंच."

तिच्या स्वरात जराही टोमणा नव्हता, म्हणून ते त्यांना जास्तच लागलं. दोन वर्षं त्यांना हेच हवं होतं. शोभनाताईंनी तर यासाठी सत्यनारायण बोलला होता. आनंद व्हायला हवा होता, पण ते खट्टूच झाले.

"कंटाळलीस?"

"नाही रे, मला आवडायचं. दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं नसतं, तेवढंच. सीबीवरपण हल्ली फार कुणी नसतं, सगळे फोनला चिकटलेले."

"मग आज मी येतो शिकागोपर्यंत. माझी गाडी राहू दे इथेच."

"नाही येता येणार. पॅसेंजरचा फॉर्म लागतो कंपनीचा, त्यात आठवडा जातो." तिने पक्कड खाली ठेवली. "लायसन्स मिळालं तेव्हा भरला होता मी, तुझ्या नावाचा. तुझी सही नव्हती, मग कॅन्सल झाला."

तो फॉर्म त्यांनी पाहिला होता. पाहून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सारला होता. तिला तेही माहीत असावं, पण ती बोलली नाही.

"तू दुकानातल्या सेटवर बस," ती म्हणाली. "मी निघाले की बोलते. टेस्टपण होईल."

दुकानदाराने खुर्ची दिली. छपरावर उंच अँटेना होती. प्रल्हादरावांनी सवयीने हिशेब केला: फार तर नऊ मैल. ट्रकच्या वेगाने आठ मिनिटं.

"बाबा, ऐकू येतंय?"

"स्पष्ट."

"खरखर?"

"अजिबात नाही."

मग ती बोलत सुटली. डावीकडे मक्याचं शेत लागलं, तिथेच गेल्या हिवाळ्यात ती चौदा तास बर्फात अडकली होती आणि मागच्या ट्रकमधल्या आजोबांनी तिला थर्मासमधलं सूप आणून दिलं होतं. पुढे घोड्यांचा ट्रेलर चाललाय, एक घोडा खिडकीतून तिच्याकडेच बघतोय. हा पूल तिला आवडतो, याच्यावर टायरांचा आवाज बदलतो. प्रल्हादराव "हं" म्हणत होते, "बरं" म्हणत होते, आणि समोरच्या घड्याळाकडे बघत होते.

सहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "अजून काही, बाबा?"

त्यांनी बटण दाबलं. घसा खाकरला.

"केबल दारात चेपू देऊ नकोस."

ती हसली. "नाही देणार."

सातव्या मिनिटाला शब्द तुटायला लागले. आठव्याला नुसतं "बा" एवढंच आलं आणि त्यावर खरखर पसरली.

त्यांनी आणखी मिनिटभर जाऊ दिलं. मग माइक तोंडाशी नेला आणि बटण घट्ट दाबलं.

"सई, मी यायला हवं होतं. तेव्हाच यायला हवं होतं. चुकलं माझं."

बटण सोडल्यावर पुन्हा खरखर ऐकू आली. काउंटरमागून दुकानदाराने मान वर केली.

"ती रेंजबाहेर गेली, सर. फोन करा तिला, लगेच लागेल."

फोन शर्टाच्या खिशातच होता.

"माहीत आहे," प्रल्हादराव म्हणाले. नऊ मैल संपायचीच तर ते वाट पाहत होते.